ऑपरेशनची तारीख मिळाली, आता मनाचं काय? सीमाभागातल्या कॅन्सर रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी

डॉक्टरांनी कागदावर तारीख लिहून दिली की घरात पहिली धावपळ होते ती पैशांची आणि रक्ताच्या बाटल्यांची. एकजण सोसायटीत उचल मागायला जातो, दुसरा आधारकार्ड-रेशनकार्डाच्या झेरॉक्स काढायला. ज्याचं ऑपरेशन आहे तो माणूस सोप्यात बसून असतो आणि त्याच्यासमोर सगळे पावसापाण्याच्या गप्पा मारतात.

माझ्या काकीच्या वेळी आम्ही हेच केलं. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, भाताची सुगी तोंडावर, आणि काकीच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशन बेळगावात ठरलं. मध्ये अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत तिला एकानंही विचारलं नाही की काकी, तुला नेमकी कसली भीती वाटते? पुढे कितीतरी दिवसांनी तिनं सांगितलं. मरणाची भीती तिला फारशी नव्हतीच. भूल दिली की माणूस मनातलं सगळं बडबडतो असं शेजारच्या कुणीतरी सांगितलं होतं, आणि परक्या माणसांसमोर आपल्या तोंडून काय निघेल या धास्तीनं ती रात्र-रात्र जागी होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ही धास्ती पाच मिनिटांत काढली असती. विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

त्यानंतर गावातल्या आणि नात्यातल्या बऱ्याच जणांसोबत बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर अशा फेऱ्या झाल्या. त्यातून जे शिकलो ते क्रमानं लिहितो. मनाची काळजी ऑपरेशननंतर माणूस खचल्यावर सुरू करायची नसते. तारीख मिळाल्यापासून दवाखान्यात भरती होईपर्यंतचे दिवस सगळ्यात कामाचे असतात, कारण तेव्हा रुग्ण बोलू शकतो, चालू शकतो, प्रश्न विचारू शकतो.

पहिलं काम: लपवाछपवी थांबवा

'त्यांना सांगू नका हं, फक्त गाठ आहे म्हणा.' दवाखान्याच्या दारात हे वाक्य ऐकलं नाही असा दिवस जात नाही. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण वॉर्डाच्या पाटीवर काय लिहिलंय ते रुग्ण वाचतो, शेजारच्या कॉटवरचा माणूस त्याला 'तुमचा कुठल्या जागेचा?' असं विचारतो. रुग्णाला कळलेलं असतं. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तो न कळल्याचं सोंग घेतो, घरचे त्याच्यासाठी सोंग घेतात, आणि एकाच घरातली माणसं एकमेकांपासून तोडली जातात.

म्हणून एकदम सगळं अंगावर ओतायचं असंही नाही. आधी त्यालाच विचारा: 'अण्णा, डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय? तुम्हाला काय वाटतंय हे?' तो जे बोलेल तिथून पुढे जा. मग विचारा, 'अजून सगळं ऐकायचंय, की थोडं थोडं?' काही माणसं खरोखर म्हणतात, 'मला नको, थोरल्याला सांगा.' तेही मान्य करायचं, पण ते त्यांनी ठरवलं पाहिजे, आपण परस्पर नाही.

'काही होत नाही, देव बघून घेईल' हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत तरी टाळा. ते ऐकलं की समोरच्याचं बोलणं तिथंच बंद होतं. आणि तंबाखू खाणाऱ्याला 'तरी आम्ही सांगत होतो' हे तर कधीच म्हणू नका. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूवर आणि विड्या वळण्यावर किती घरं चालली ते आपल्याला ठाऊक आहे. मशेरी लावणाऱ्या म्हातारीला आज अपराधी वाटायला लावून तिच्या तोंडातली जखम बरी होणार नाही. उलट ती दुखणं सांगायचं बंद करेल.

भाषेचा प्रश्न, जो आपल्याकडे जास्तच आहे

बेळगावातले बरेच डॉक्टर आणि सिस्टर मराठी, कन्नड, हिंदी असं सगळं बोलतात. तरी संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत समोर येतं आणि घाईत अंगठा उठतो. हुबळीला नवनगरच्या कॅन्सर हॉस्पिटलात किंवा बेंगळुरूच्या किडवई कॅन्सर हॉस्पिटलात गेलात तर मराठी बोलणारं माणूस शोधावं लागतं. व्यवहारापुरतं कन्नड आपल्या लोकांना येतं, बाजार होतो, बसचं तिकीट निघतं. पण 'आतून पोकळ वाटतंय' किंवा 'जीव लागत नाही' हे बाजाराच्या भाषेत सांगता येत नाही. दुखण्याला 'नोवु' आणि झोपेला 'निद्दे' म्हणतात एवढं पाठ असू द्या. 'भय' तर दोन्हीकडे सारखंच!

सही करण्याआधी सरळ म्हणा, 'डॉक्टर, हे मराठीतून समजावून सांगायला कुणी आहे का?' यात लाजण्यासारखं काही नाही, भांडण्यासारखंही नाही. घरचा माणूस दुभाषी होणार असेल तर त्याला आधी बजावा की डॉक्टर जेवढे बोलले तेवढंच सांगायचं, मधलं गाळायचं नाही. गर्भाशयाच्या किंवा स्तनाच्या ऑपरेशनबद्दल सासूचं बोलणं जावयाकडून किंवा लहान नातवाकडून करून घेऊ नका. ती अर्ध्या गोष्टी बोलणारच नाही. मराठी येणारी सिस्टर किंवा वॉर्डातली मावशी यासाठी कितीतरी बरी.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आदल्या रात्री रुग्णासोबत बसून लिहा. त्याचे प्रश्न तुमच्यापेक्षा वेगळे निघतात. तुम्ही विचारता 'किती टाके पडतील', त्याला जाणून घ्यायचं असतं 'जेवण तोंडानं जाईल का', 'परत ट्रॅक्टर चालवता येईल का', 'पोरीच्या लग्नात बसता येईल का'.

दहापैकी किती?

ताप मोजायला थर्मामीटर असतो तसा मनाचा ताण मोजायलाही कागदी थर्मामीटर आहे. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांनी तो रूढ केला, आता जगभर वापरतात. कागदावर उभी पट्टी काढायची, खाली ०, वर १०. विचारायचं, 'गेल्या आठवड्यात, आजचा दिवस धरून, मनाला किती ताण होता? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही इतका.' रुग्णानं बोट ठेवायचं. ४ किंवा त्याहून वर असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

आकडा मिळाला की लगेच विचारा, कशानं? पैसा, दुखणं, झोप, पोरांचं शिक्षण, नवऱ्याशी किंवा बायकोशी नातं, रूप बिघडण्याची भीती, 'माझ्याच नशिबी का' हा देवाशी झगडा. इथं बहुतेक वेळा असं काही निघतं की ज्यावर आजच्या आज इलाज आहे. एका मामांचा आकडा ९ होता. खोदून विचारलं तर म्हशीचं दूध कोण काढणार ही काळजी. शेजाऱ्यानं जबाबदारी घेतली, दुसऱ्या दिवशी आकडा ५.

फाइलीच्या मागच्या पानावर तारीख घालून हा आकडा लिहीत जा: भरती होताना, घरी सोडताना, रिपोर्ट येणार त्या आठवड्यात, केमो किंवा शेक (रेडिएशन) सुरू होताना.

याच्या जोडीला दोन प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं होतंय का? उदास, निराश वाटतंय का? कधीतरी वाटणं वेगळं. निम्म्याहून जास्त दिवस असंच जात असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायची वेळ आली असं धरा. भूक आणि झोप आजारानंही जाते, त्यामुळे एकट्या त्यावरून ठरवू नका. नातवंडं समोर आली तरी चेहरा हलत नाही, आवडीचं भजन लागलं तरी तोंड भिंतीकडे, 'मी तुमच्यावर ओझं झालोय' हे वाक्य पुन्हा पुन्हा, ही खूण जास्त पक्की.

आणि एक अवघड प्रश्न. माणूस ओझ्याची भाषा बोलू लागला तर स्पष्ट विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्यानं डोक्यात खूळ भरतं हा समज चुकीचा आहे. उलट कुणीतरी विचारलं याचा सुटकारा वाटतो. उत्तर 'हो' असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आपली शेतकऱ्यांची घरं, माळ्यावर तणनाशकाची आणि कीटकनाशकाची डबडी असतातच. ती घरातून हलवा, गोळ्यांची पिशवी आपल्या ताब्यात ठेवा. हे आधी करा, समजूत नंतर घाला.

डॉक्टरांपासून काय लपवायचं नाही

रोज संध्याकाळी घेणारा माणूस दवाखान्यात भरती झाला की दारू अचानक तुटते. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, कधी फिट येते. घरचे म्हणतात भूल चढली. खरं कारण लाजेखातर सांगितलेलं नसतं. भूल देणारे डॉक्टर तपासायला येतील तेव्हा किती घेता, शेवटची कधी घेतली, तंबाखू-गुटखा किती, हे खरं सांगा. त्यावर आधीच औषध देता येतं, आणि ते पोलिसांत द्यायला विचारत नसतात. पूर्वी मनाच्या आजाराच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू होत्या का, तेही सांगा. अशा गोळ्या स्वतःहून अचानक बंद करायच्या नाहीत.

तंबाखू सोडायला १८०० ११ २३५६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते. जितकं लवकर सुटेल तितकी जखम भरायला बरं. पहिले काही दिवस चिडचिड आणि बेचैनी होते, तेव्हा वाद घालू नका.

बदलणाऱ्या शरीराची ओळख आधी

काकीच्या बाबतीत मला आजही लागतं ते हे. पट्टी पहिल्यांदा उघडली तेव्हा ती एकटी होती आणि आपलं अंग कसं दिसणार हे तिला कुणी दाखवलं नव्हतं.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना कागदावर चित्र काढून दाखवायला सांगा. कुठून कापणार, काय जाणार, काय राहणार, नळ्या कुठे असतील, किती दिवस. तेच ऑपरेशन होऊन वर्षभर झालेला माणूस भेटवता येईल का, हेही विचारा. ओपीडीत तपासणीला आलेले जुने रुग्ण असतातच, आणि त्यांच्याशी झालेलं पंधरा मिनिटांचं बोलणं आपल्या दहा दिवसांच्या समजुतीपेक्षा जास्त पोचतं. पोटावर पिशवी लागणार असेल तर ती हातात घेऊन बघू द्या. पट्टी उघडल्यावर आरसा कधी द्यायचा ते रुग्णाला ठरवू द्या, आणि तेव्हा जवळचं एक माणूस बाजूला असू द्या. त्या माणसानं तोंड फिरवायचं नाही. नवरा असेल तर त्याला हे आधी समजावून ठेवा.

तोंडाच्या आणि घशाच्या ऑपरेशनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या भागात तेच फार. जाग आल्यावर नाकात नळी, कधी गळ्याला छिद्र, आणि आवाज नाही. बोलता न येणं ही दुखण्यापेक्षा मोठी घबराट असते. भरती होण्याआधी घरी पुठ्ठ्याचे कार्ड बनवा. पाणी, दुखतंय, कफ काढा, लघवी, थंडी वाजते, श्वास अडकतो, घरच्यांना बोलवा. प्रत्येक कार्डावर चित्र काढा, एका बाजूला मराठीत लिहा, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये, कारण रात्रपाळीच्या सिस्टरला मराठी वाचता येईलच असं नाही. शाळेत कन्नड शिकलेला पोरगा गल्लीत एक तरी असतोच, त्याला बसवा. लिहिता येणाऱ्यासाठी पाटी आणि खडू, हाताशी छोटी घंटा. ही कार्डं घरी दोन दिवस वापरून बघा. पोरांना खेळ वाटतो आणि आजोबांना हसू येतं, तेवढंच. स्वरयंत्रच काढणार असतील तर पुढे बोलणं शिकवणारे तज्ज्ञ कोण, हे ऑपरेशनआधीच विचारून ठेवा.

श्वास आणि चाल

तीन गोळ्यांचं फुंकण्यासारखं दिसणारं यंत्र देतात. ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून गोळ्या वर न्यायच्या असतात. निम्मे लोक उलटं करतात. तारीख मिळाली त्या दिवसापासून सुरू केलं तर छातीला फायदा, आणि 'माझ्या हातात काहीतरी आहे' ही भावना मनाला. त्यासोबत रोज दोनदा दहा मिनिटं सावकाश श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मोजणं नको वाटलं तर हरिपाठाच्या लयीवर करा. वारकरी घरातल्या माणसांना ते शिकवावं लागत नाही. डॉक्टरांची परवानगी असेल तर सकाळी बांधावरून अर्धा तास चाल. संध्याकाळनंतर चहा नको आणि मोबाइलवर कॅन्सरचे व्हिडिओ तर अजिबात नकोत.

यल्लम्माला भंडारा वाहायचा असेल, महालक्ष्मीला नवस बोलायचा असेल तर खुशाल. फक्त नवसासाठी तारीख पुढे ढकलू नका. सुगीसाठीही नको.

आयसीयूतला गोंधळ

वयस्कर माणसांत ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत असं होतं: सकाळी नीट बोलणारे आजोबा रात्री नळ्या ओढतात, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, लेकाला ओळखत नाहीत. सकाळी परत बरे. घरात कुजबुज सुरू होते, बाहेरचं काही लागलं की काय, कुणाला तरी बोलवा. याला वैद्यकात 'डिलिरियम' असं नाव आहे, कारणं आहेत (संसर्ग, क्षार कमी-जास्त, दुखणं, काही औषधं, लघवी तुंबणं, दारू तुटणं) आणि बहुतेक वेळा ते आटोक्यात येतं. तुमचं काम एवढंच की बदल दिसताच सिस्टरला सांगायचं: 'हे नेहमी असे नसतात.' त्यांना रुग्णाचं नेहमीचं वागणं माहीत नसतं, तुम्हाला असतं.

चष्मा आणि कानाचं यंत्र लवकर परत द्या. दिसेल असं घड्याळ ठेवा. दिवसा उजेड, रात्री अंधार. आत गेलात की मराठीत, घरच्याच लहेजात सांगा: 'तात्या, मी सुरेखा. आपण बेळगावात दवाखान्यात आहोत. काल ऑपरेशन झालं. आज बुधवार.' दर भेटीत तेच. वाद घालू नका, हात धरा.

घरी आल्यावरचा तिसरा आठवडा

पहिल्या आठवड्यात नारळपाणी आणि सफरचंदं घेऊन सगळी गल्ली येते. तिसऱ्या आठवड्यात कुणी नसतं, टाके निघालेले असतात, आणि गाठीचा रिपोर्ट यायचा असतो किंवा नुकताच आलेला असतो. खचण्याची वेळ ही. तेव्हा भेटायला जा. पहिल्या आठवड्यात मात्र भेटणाऱ्यांना आवरा, दिवसाला दोन माणसं पुरे, आणि 'आमच्या पाहुण्यांनाही असंच झालं होतं, गेले बिचारे' सांगणाऱ्याला दारातूनच चहा पाजून परत पाठवा.

रुग्णाच्या हातात रोजचं एक काम द्या. शेंगा फोडणं, दुधाचा हिशेब, नातवाचे पाढे घेणं. सगळं काढून घेतलेला माणूस पाहुणा होतो. नवरा-बायकोनं एका खोलीत झोपायला सुरुवात केली पाहिजे. कॅन्सर स्पर्शानं पसरत नाही, ताट-तांब्या वेगळा करायचं कारण नाही.

मदत कुठं

सगळ्यात सोपं: १४४१६. टेली मानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मोफत, चोवीस तास. भाषा निवडायला सांगतात, त्यात मराठी आहे. कन्नडमधून आवाज आला तर फोन ठेवू नका, 'मराठीतून बोलायचंय' म्हणा. रुग्णानंच करायला हवा असं नाही, घरच्यांनी केला तरी चालतो.

ऑपरेशन जिथं होणार तिथं मानसोपचार विभाग आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. बेळगावात बिम्स या सरकारी हॉस्पिटलात आणि केएलईच्या मोठ्या हॉस्पिटलात तो आहे. धारवाडची डिमहान्स ही तर मनाच्या आजारांसाठीचीच सरकारी संस्था. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कुठल्या वारी येतात, ते आशाताईंना विचारून ठेवा. 'वेड्याचा डॉक्टर' म्हणून रुग्ण बिथरत असेल तर ऑपरेशनच्या डॉक्टरांकडूनच चिठ्ठी घ्या. त्यांनी सांगितलं की पटतं.

उदासीवरच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत सोडून देऊ नका. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगा, कारण फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन या गोळ्या त्याचा परिणाम कमी करू शकतात. दुसऱ्या गोळ्या आहेत.

पैशाची घोर काळजी मनालाच खाते, म्हणून तेही इथंच. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. मिरज-कोल्हापूरला जाणार असाल तर गाव यादीत आहे का आणि कुठले कागद लागतात हे हॉस्पिटलातल्या योजनेच्या काउंटरवर निघण्याआधी फोन करून विचारा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्याला उपचारासाठी जाता-येता भाड्यात सवलत आहे. फॉर्मवर डॉक्टरांची सही-शिक्का घ्या.

सोबत राहणाऱ्याचं

आमच्या वैनी काकीजवळ नऊ रात्री खाली सतरंजीवर झोपल्या. सहाव्या दिवशी त्या जिन्यात बसून रडत होत्या, आणि आम्ही त्यांना विचारलं काय, तर डबा आणलास का. आता आम्ही माणूस भरती होण्याआधीच वहीत पाळ्या लावतो: दोन रात्रींच्या वर एकाला सलग नाही, आणि डबा पुरुषांनी न्यायचा. थर्मामीटरची पट्टी सोबतच्या माणसापुढेही धरतो. मागच्या महिन्यात शेजारच्या आक्काच्या ऑपरेशनवेळी तिचा आकडा ३ होता आणि तिच्या लेकाचा ८. १४४१६ त्यानंच लावला, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये मोटरसायकलवर बसून, चाळीस मिनिटं.